काळजातले यंत्र आणि बाजारातला भाव

बाजारात गेलेला मनुष्य वस्तू हाताळून घेतो. वांगे दाबून पाहतो, लुगड्याचा पोत बोटांनी चाचपतो, बैलाचे दात मोजतो आणि तेवढ्यानेही मन भरले नाही तर पुढच्या दुकानाची पायरी चढतो. परंतु पाऊणशे वर्षांच्या आत जगाच्या बाजारात अशी एक वस्तू आली आहे, की ती विकत घेणारा ती धड पाहतही नाही, तिचा भाव करीत नाही आणि पसंत पडली नाही म्हणून परतही करीत नाही. ती त्याच्या अंगात जाते तेव्हा तो शस्त्रक्रियेच्या टेबलावर निजलेला असतो. पुढे कित्येक वर्षे ती त्याच्या गळपट्टीच्या हाडाखाली कातड्याआड बसून राहते आणि बंद पडली तर त्याला उपरती व्हायलाही सवड देत नाही. पेसमेकर तो हाच. त्याची भावंडेही आता पुष्कळ झाली आहेत. बहिऱ्याला ऐकू यावे म्हणून कानामागे बसविलेले यंत्र, हृदय एकाएकी थरथरू लागले की धक्का देऊन ताळ्यावर आणणारे यंत्र, कंपवाताने कापणारे हात स्थिर करण्यासाठी मेंदूत तार सोडणारे यंत्र, अशी ही सगळी भावकी आहे.

ज्या गावाच्या नावातच ‘बाजार’ हा शब्द आहे त्या गावात मी राहतो, मुलांना शिकवितो आणि उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. मी वैद्य नव्हे की व्यापारी नव्हे. पण या यंत्राची कथा वाचीत गेलो तशी ती मला एखाद्या कादंबरीहून अधिक ओढून घेऊ लागली. तिच्यात एक हट्टी बायको आहे, एक वीज गेलेली रात्र आहे, कोठारात खपणारा एक कारागीर आहे आणि शेवटी पैसाही आहे. दिवाळीच्या फराळाबरोबर ती वाचकांपुढे ठेवावी असे वाटले, म्हणून हा उद्योग.

आधी थोडे काळजाविषयी. आपले हृदय मिनिटाला सुमारे बहात्तर ठोके टाकते, म्हणजे दिवसाकाठी एक लाखाहून अधिक. हा ठोका टाकण्याचा हुकूम मेंदूकडून येत नाही. हृदयाच्याच उजव्या वरच्या कप्प्यात पेशींचा एक बारीक पुंजका असतो. तो ठरलेल्या तालावर विजेची सूक्ष्म लहर सोडतो आणि ती लहर खालच्या कप्प्यांपर्यंत पोचली की स्नायू आवळतो. भजनात एकाने टाळ धरावा आणि बाकीच्यांनी त्याच्या तालावर चालावे, तसा हा प्रकार आहे. टाळकरी थकला, किंवा त्याचा आवाज खालपर्यंत पोचण्याची वाटच बंद झाली, तर हृदय आपल्या मनाने तीस-चाळीस ठोक्यांवर रेंगाळू लागते. मनुष्य चालता चालता कोसळतो, क्षणभराने उठतो, पुन्हा कोसळतो. एखाद्या खेपेस उठतच नाही. पूर्वी अशा माणसाला ‘घेरी येते’ म्हणत आणि एक दिवस ‘बसल्या जागी गेला’ म्हणून हळहळत.

बाहेरून वीज देऊन हृदयाला ताल देता येतो, हे अमेरिकेत बॉस्टनच्या डॉ. पॉल झोल यांनी १९५२ साली दाखविले. पण छातीच्या कातड्यावरून दिलेला तो धक्का फार दुखत असे, आणि यंत्र भिंतीतल्या विजेला बांधलेले. वायरीची लांबी जेवढी, तेवढेच रोग्याचे जग. यातून सुटका झाली ती एका अंधाऱ्या दिवसामुळे. मिनियापोलिस शहरात ३१ ऑक्टोबर १९५७ रोजी वीज गेली. तेथील विद्यापीठाच्या रुग्णालयात डॉ. वॉल्टन लिलेहाय लहान मुलांच्या हृदयावर शस्त्रक्रिया करीत आणि त्यांतील काही मुलांचे ठोके असल्या यंत्रावर चालत. त्या अंधारात एक मूल दगावले, असे सांगतात. लिलेहाय यांनी रुग्णालयाची यंत्रे दुरुस्त करणाऱ्या अर्ल बॅकन नावाच्या तरुणाला गाठले आणि बॅटरीवर चालणारे काही करता येईल का, असे विचारले.

बॅकनने १९४९ साली आपल्या मेहुण्याबरोबर एका मोटारखान्यात दुकान थाटले होते. पहिल्या महिन्याची कमाई आठ डॉलर! गायकाला ताल देणाऱ्या मेट्रोनोम यंत्राची विद्युत्‌-रचना एका मासिकात छापून आली होती, ती त्याला आठवली. तोच ताल काळजाला का देऊ नये? चारएक आठवड्यांत त्याने हातात मावेल असा डबा तयार केला. आधी तो कुत्र्यावर लावून पाहावयाचा, असे ठरले होते आणि तसा पाहिलाही. दुसऱ्या दिवशी बॅकन रुग्णालयात गेला तर तोच डबा एका लहान मुलाच्या अंगावर चालू! लिलेहाय यांचे म्हणणे असे की हाताशी चांगली वस्तू असताना मूल मरू देणे मला जमणार नाही. त्या मोटारखान्यातल्या दुकानाचे नाव मेडट्रॉनिक. आज ती जगातील वैद्यकीय यंत्रांच्या सर्वांत मोठ्या कंपन्यांपैकी एक आहे. आठ डॉलरांचे पुढे काय झाले, हे मी वेगळे सांगावयास नको.

मात्र हा डबा अंगाबाहेरच होता. तो अंगाच्या आत गेला तो युरोपात. स्वीडनमधील आर्ने लार्सन नावाच्या त्रेचाळीस वर्षांच्या गृहस्थाला दिवसातून वीस-तीस वेळा झटके येत. त्याची पत्नी एल्स-मारी हिने स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का रुग्णालयातील शस्त्रवैद्य ओके सेनिंग आणि अभियंता रूने एल्मक्विस्त या दोघांचा पिच्छा पुरविला. यंत्र अजून पुरे झालेले नाही, असे ते म्हणत. मग पुरे करा, असे ही बाई म्हणे. सावित्रीने यमाची वाट अडविली असे आपण वटपौर्णिमेला ऐकतो. या बाईने अभियंत्याची अडविली. अखेर ८ ऑक्टोबर १९५८ रोजी लार्सनच्या अंगात ते यंत्र बसले. त्याचे कवच ओतण्यासाठी बुटाच्या पॉलिशाच्या डबीचा साचा वापरला होता! ते यंत्र काही तासांतच बंद पडले. दुसरे बसविले, तेही फार टिकले नाही. पण लार्सन टिकला. आयुष्यात त्याने एकंदर २६ यंत्रे वापरली आणि २००१ च्या डिसेंबरात शहाऐंशी वर्षांचा होऊन तो निवर्तला. यंत्र बनविणारा एल्मक्विस्त आणि बसविणारा सेनिंग, दोघेही त्याच्या आधी गेले होते.

इकडे अमेरिकेत बफेलो येथे विल्सन ग्रेटबॅच हा अभियंता हृदयाचे आवाज टिपण्याचे यंत्र जुळवीत असता त्याच्या हातून त्यात भलताच सुटा भाग बसला, आणि ते ठराविक अंतराने ठोके देऊ लागले. चूक फेकून देण्याऐवजी तो ती ऐकत बसला. स्वतःच्या गाठीचे दोन हजार डॉलर घेऊन घरामागच्या कोठारात त्याने यंत्रे घडविली. ती १९६० साली डॉ. विल्यम चार्डॅक यांच्या हस्ते माणसांत बसली आणि त्याच वर्षी मेडट्रॉनिकने ती बनविण्याचा परवाना घेतला. बाजार खऱ्या अर्थाने येथून उघडला.

त्यापुढची पंधरा वर्षे सारा खेळ बॅटरीचा होता. पाऱ्याची बॅटरी दोनएक वर्षांत थके आणि रोग्याची छाती पुन्हा उघडावी लागे. पॅरिसमध्ये १९७० साली प्लुटोनियमवर चालणारा पेसमेकरही बसविला गेला. म्हणजे अणुशक्ती माणसाच्या बरगडीत येऊन बसली! पण अखेर जिंकली ती ग्रेटबॅचने पुढे आणलेली लिथियम-आयोडीनची बॅटरी. इटलीत १९७२ साली ती प्रथम बसली आणि यंत्राचे आयुष्य पाचदहा वर्षांपर्यंत गेले. यात एक गंमत आहे. बॅटरी लवकर संपती तर कंपनीचा माल अधिक खपता. पण टिकाऊ झाल्यामुळेच लोकांचा विश्वास बसला आणि खप कितीतरी वाढला. जे मढे दोन वर्षांत फुटते त्याला आमच्याकडे कुंभाराचा सखासुद्धा दुसऱ्यांदा घेत नाही. हे व्यापाऱ्यांनाही शेवटी कळले.

मग हीच कल्पना दुसऱ्या अवयवांकडे वळली. आपले वडीलधारे स्नेही हृदयाच्या विकाराने एकाएकी गेले, त्या दुःखातून डॉ. मिशेल मिरोव्स्की यांनी आतूनच धक्का देणाऱ्या यंत्राचा ध्यास घेतला. लोकांनी हसून घेतले, आणि ४ फेब्रुवारी १९८० रोजी बाल्टिमोरला ते यंत्र पहिल्या रोग्यात बसले. ऑस्ट्रेलियात ग्रेम क्लार्क यांचे वडील औषधविक्रेते आणि कानाने अधू. गिऱ्हाइकांशी बोलताना त्यांची होणारी फजिती मुलाने पाहिली होती. त्या मुलाने मोठेपणी, १ ऑगस्ट १९७८ रोजी, मेलबर्नमध्ये अनेक तारांचे श्रवणयंत्र एका बहिऱ्या माणसाच्या कानात बसविले. या प्रकाराला कॉक्लिअर इम्प्लांट म्हणतात. २०२२ पर्यंत जगात दहा लाखांहून अधिक अशी यंत्रे बसली. पेसमेकरचे म्हणाल तर २००९ साली एकसष्ट देशांची पाहणी झाली, तीत त्या एका वर्षात सुमारे दहा लाख पेसमेकर बसविले गेल्याचे दिसले आणि त्यांपैकी अडीच लाखांवर जुने काढून नवे घातलेले होते. युरोपातल्या राष्ट्रांनी १९९० सालीच या यंत्रांसाठी स्वतंत्र कायदा केला. शरीराच्या किंवा गुरुत्वाच्या शक्तीवाचून दुसऱ्या शक्तीवर चालणारी ती ‘सक्रिय’, अशी त्याची व्याख्या. गुडघ्यात बसविलेली वाटी किंवा रक्तवाहिनीतला स्टेंट मुकाट पडून असतो. हे यंत्र काम करीत असते.

आता आपल्या घरची गोष्ट. आपला देश आपल्याला लागणाऱ्या वैद्यकीय यंत्रांपैकी शेकडा सत्तर ते ऐंशी परदेशांतून आणतो. पेसमेकर बनविणारा कारखाना आपल्याकडे मुळीच नाही असे नव्हे. मध्य प्रदेशात पीथमपूरला १९८८ सालापासून अशी एक कंपनी आहे. केंद्र सरकारने २०२० साली वैद्यकीय यंत्रांच्या उत्पादनाला उत्तेजन देण्यासाठी ३,४२० कोटींची योजना आखली, तीत कॉक्लिअर इम्प्लांट आणि पेसमेकर यांचा मुद्दाम समावेश केला. तथापि मोठा बाजार अजून परक्यांच्याच हाती आहे, आणि परक्या मालाचा भाव डॉलरात ठरतो, कांद्याच्या भावात ठरत नाही.

मग खेड्यातल्या माणसाने काय करावे? येथे राज्याच्या योजनेचा उल्लेख केलाच पाहिजे. महाराष्ट्र सरकारने २ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना आठ जिल्ह्यांत सुरू केली. पुढच्या वर्षी नोव्हेंबरात ती सर्व राज्यात आली आणि २०१७ पासून ती महात्मा जोतिबा फुले यांच्या नावाने चालते. तीत कायमचा पेसमेकर बसविण्याची सोय आहे. जन्मतः बहिऱ्या मुलांसाठी दोन वाटा झाल्या. शाळा-अंगणवाड्यांतून मुले तपासण्याचा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम ६ फेब्रुवारी २०१३ रोजी आपल्याच पालघरातून देशभर सुरू झाला, आणि २०१४ पासून केंद्राच्या अपंग साहाय्य योजनेत कॉक्लिअर इम्प्लांटसाठी मुलामागे सहा लाखांपर्यंत खर्च सरकारने उचलावयाचे ठरले. त्याची व्यवस्था वांद्र्याच्या अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेकडे आहे. मुंबईचे डॉ. मिलिंद कीर्तने यांनी ही शस्त्रक्रिया आपल्याकडे रुजविण्यात आयुष्य वेचले. त्यांना २०१४ साली पद्मश्री मिळाली. शाळेतल्या पोराला एका रांगेत उभे करून कान-डोळे तपासणारी गाडी येते, तेव्हा मी हजेरीपट घेऊन शेजारी उभा असतो. त्या अर्ध्या तासाचे मोल मला पूर्वी कळत नसे असे नाही. पण बोलणे शिकण्याचे वय एकदा निघून गेले की सहा लाखांचे यंत्रही पुरे फळत नाही, हे वाचल्यापासून मी त्या दिवशी एकही पोर घरी राहू देत नाही.

परंतु यंत्र बसले म्हणजे कथा संपत नाही. कादंबरीत लग्न लागले की पडदा पाडता येतो; संसार त्यापुढे सुरू होतो. पेसमेकरची बॅटरी कधीतरी संपते. कानामागे लावावयाचा बाहेरचा भाग पडतो, भिजतो, हरवतो. त्याची वायर तुटते. मुलाला बोलावयास शिकविण्यासाठी आईने महिनोन्‌महिने शहराच्या वाऱ्या कराव्या लागतात. यंत्र एकदाच मिळते. त्याचा सांभाळ मात्र जन्मभराचा.

आमच्या पंचक्रोशीतले एक वृद्ध शेतकरी, सगळे त्यांना तात्या म्हणत, पेसमेकर घेऊन बरीच वर्षे जगले. अगदी शेवटपर्यंत सकाळी शेताच्या बांधावर जाऊन येत. ते गेले तेव्हा डॉक्टरांनी बजावून सांगितले की अग्नी देण्यापूर्वी यंत्र काढून घ्यावयास हवे, कारण चितेत बॅटरीचा स्फोट होतो. ही नुसती भीती नव्हे. इंग्लंडात १९७६ साली दहनगृहात असा स्फोट झाल्याची नोंद आहे. ते काढले. दिवसकार्य झाल्यावर त्यांचा थोरला मुलगा चहाच्या डब्यात ठेवलेली ती चकती घेऊन माझ्याकडे आला. म्हणाला, “गुरुजी, ह्याचं आता काय करायचं? अस्थींबरोबर सोडायचं तर मन घेईना, अन्‌ फेकायचं तर त्याहून नको वाटतं. आमच्या बापाला हिनं जगवलं.” आईने ती देव्हाऱ्याजवळ ठेवली होती. चकती माझ्या तळहातावर होती. आत कदाचित अजून जीव असेल, असे वाटून मी ती झटकन परत दिली.

त्या प्रश्नाने मला पुढे बरेच वाचावयास लावले, आणि उत्तर मिळाले ते मुंबईतच. अमेरिकेतील अंत्यविधीच्या संस्थांनी मृतांच्या अंगातून काढलेले पेसमेकर दान केले. त्यांतील ज्यांची बॅटरी पुरेशी शिल्लक होती असे ५३ पेसमेकर साफ करून, निर्जंतुक करून, वांद्र्याच्या होली फॅमिली रुग्णालयात ५३ गरीब रोग्यांना बसविले. त्याचा वृत्तांत २०१२ साली प्रसिद्ध झाला. त्यांत एकालाही जंतुसंसर्ग झाला नव्हता. त्याच वर्षी फिलाडेल्फियाचे डॉ. बेहजाद पावरी, मुंबईचे डॉ. यश लोखंडवाला आणि त्यांचे सहकारी यांनी धक्का देणाऱ्या जुन्या यंत्रांवर जगणाऱ्या ८१ रोग्यांची हकीगत छापली. पुष्कळांच्या बाबतीत त्या उतरलेल्या यंत्राने ऐन वेळी धक्का देऊन प्राण वाचविले होते. पुढे २०२० साली कॅनडातील वैद्यांनी हजारावर रोग्यांचा हिशोब मांडला आणि नव्या व जुन्या यंत्रांत जंतुसंसर्गाचा लक्षणीय फरक नसल्याचे सांगितले. एका देशात ज्याचा कचरा, दुसऱ्या देशात त्याचाच श्वास!

येथे वाचकांपैकी कोणी म्हणेल, की मग गरिबाने नेहमी उतरलेलेच घालावे काय? हा प्रश्न टोचणारा आहे आणि तो टोचावा. दानाने ५३ माणसे जगली याचा मला आनंद आहे. पण ज्या बाजारात वर्षाला दहा लाख नगांची उलाढाल होते त्याची सावली गरिबावर पडावी तर ती मृताच्या अंगावरून उतरूनच पडावी, हे काही भूषण नव्हे. शिवाय दान घ्यावयाचे तरी ते तपासून, नोंद ठेवून. निष्काळजीपणाला दानाचे नाव देता येत नाही.

कारण नवी यंत्रेही निर्दोष नसतात. धक्का देणाऱ्या यंत्राच्या तारा तुटतात असे आढळल्यावरून २००७ साली अमेरिकेत एका कंपनीला त्या बाजारातून मागे घ्याव्या लागल्या. तोवर त्या लाखो लोकांच्या हृदयात पोचल्या होत्या. खराब रेडिओ परत करता येतो. हृदयात रुतलेली तार कशी परत करणार? २०१७ साली दुसऱ्या एका कंपनीच्या अमेरिकेतील ४,६५,००० पेसमेकरांना दुरून कोणी छेडू नये म्हणून त्यांच्या आतली आज्ञावली बदलावी लागली. आपल्याकडे अशा तक्रारी टिपण्याची राष्ट्रीय व्यवस्था ६ जुलै २०१५ रोजी सुरू झाली आणि वैद्यकीय यंत्रांसाठी स्वतंत्र नियम २०१८ च्या जानेवारीपासून लागू झाले. लार्सनच्या स्वीडनने आपल्या पेसमेकरांची देशव्यापी नोंदवही १९८९ पासून ठेवली आहे. कोणाला कोणते यंत्र बसले आणि ते किती टिकले, हे तेथे कळते.

१९८९ हे साल माझ्या लक्षात राहण्याला आणखी एक कारण आहे. त्याच साली आमच्या हिवरे बाजारात श्री. पोपटराव पवार सरपंच झाले. पर्जन्यछायेतले हे गाव, बाया-माणसे कामासाठी बाहेर जात. पुढे श्रमदानाने चर खणले, बंधारे घातले, झाडे तोडणे आणि मोकाट चराई थांबविली. पण मला सर्वांत मोठी वाटते ती पाण्याच्या ताळेबंदाची रीत. दर वर्षी पाऊस मोजावयाचा, जमिनीत किती मुरले याचा अंदाज घ्यावयाचा, माणसांना व गुराढोरांना आधी काढून ठेवावयाचे आणि मग ग्रामसभेत ठरवावयाचे की यंदा कोणती पिके घ्यावयाची. उसासारखे पाणी पिणारे पीक नको आणि शेतीसाठी कूपनलिका नको, हे सर्वांनी मिळून मानले. पैसा ज्याच्याजवळ जास्त त्याने जास्त उपसावे, हा बाजाराचा न्याय गावाने पाण्यापुरता बाजूला ठेवला. त्यामुळे गाव दरिद्री झाले नाही, उलट सावरले.

मला वाटते, काळजातल्या या यंत्रांचाही असा ताळेबंद जिल्ह्याजिल्ह्यांत मांडला गेला पाहिजे. कोणाला गरज आहे, कोणाला मिळाले, कोणाची बॅटरी कोणत्या वर्षी संपणार, कोणत्या पोराचे कानामागचे यंत्र बंद पडून तीन महिने झाले, हे एका वहीत असावे. त्या वहीत मृताच्या अंगातून काढलेल्या यंत्राचेही एक पान असावे, म्हणजे ते चहाच्या डब्यात पडून राहणार नाही. व्यापाऱ्याने नफा मिळवावा. बॅकन आणि ग्रेटबॅच यांनी मिळविला, आणि त्यांच्या कल्पकतेवाचून आपण आजही घेरी येऊन पडणाऱ्या माणसाच्या नाकाशी कांदा धरीत बसलो असतो. परंतु खप किती झाला हे सांगणारी वही व्यापाऱ्याची; राहिले किती हे सांगणारी वही समाजाची. पहिली वही कोणीतरी रोज लिहीत असते. दुसरी लिहावयास कोणीतरी बसले पाहिजे.